गाव शाळेच्या पाठीशी उभं करायचं, तर सुरुवात हजेरीपटापासून

जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘लोकसहभाग’ म्हटलं की डोळ्यासमोर येते ती रंगवलेली भिंत, एलईडी टीव्ही आणि प्रवेशद्वारावर कोरलेली दात्यांची नावं. त्यात वाईट काही नाही. पण त्याच भिंतीच्या आत पाचवीतली चार पोरं आठवड्यातून दोन दिवस गायब असतात आणि ती का येत नाहीत, हे गावात कुणी कुणाला विचारलेलं नसतं.

हा लेख शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने आलेल्या पालकांसाठी आहे. तसाच तो मुख्याध्यापकांसाठी, सरपंचांसाठी, तरुण मंडळातल्या पोरांसाठी आणि पुण्या-मुंबईला नोकरी करत ‘गावच्या शाळेसाठी काहीतरी केलं पाहिजे’ असं म्हणणाऱ्यांसाठीही आहे. शंभराच्या आसपास पट असलेली, पहिली ते सातवी किंवा आठवीची ग्रामीण शाळा मी समोर धरली आहे. उदाहरणं ऊसतोडीला जाणाऱ्या गावांची जास्त येतील, कारण शाळा आणि गाव यांच्यातला दोर तिथं सगळ्यात जास्त ताणला जातो. महापालिकेच्या शाळेलाही यातलं बरंच लागू पडेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावाकडे मदत मागायला जाताना खर्चाचं अंदाजपत्रक नेऊ नका, न येणाऱ्या मुलांचा हिशोब न्या. अंदाजपत्रक पाहून गाव विचारतं, ‘किती?’ गैरहजेरीचा हिशोब पाहून विचारतं, ‘का?’ काम दुसऱ्या प्रश्नातून उभं राहतं.

१. समिती कागदावरून खाली उतरवा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कुठं खर्च होतं ते पाहणं ही समितीची कामं. अनुदानित शाळेत ती फक्त सल्ला देते, विनाअनुदानित खाजगी शाळेला हे कलम लागूच नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. निवडीची पालकसभा सकाळी अकराला ठेवतात. त्या वेळी मजुरीला जाणारं माणूस शेतात असतं, त्यामुळे जे येतात ते ठरलेलेच येतात. अध्यक्षपदावरून गावातले दोन गट भिडतात आणि एकदा अध्यक्ष ठरला की दोन्ही गटांचा शाळेतला रस संपतो. महिला सदस्यांच्या सह्या पुढची दोन वर्षं घरी वही पाठवून घेतल्या जातात.

यावर उपाय साधे आहेत. सभा संध्याकाळी साडेसातला घ्या, शाळेऐवजी देवळासमोर किंवा समाजमंदिरात घ्या. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ अशी नोटीस कुणी वाचत नाही. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप टाका आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी दवंडी द्या: ‘उद्या संध्याकाळी साडेसातला मारुतीसमोर. विषय एकच, पोरं शाळेत का टिकंनात. अर्ध्या तासात सोडतो.’ आणि खरंच अर्ध्या तासात सोडा. पहिली सभा दोन तास चालली, तर दुसरीला निम्मेसुद्धा येत नाहीत.

सदस्य निवडताना आडनावांआधी वस्त्या मोजा. प्रत्येक वाडी, वस्ती, तांड्यावरून एक पालक तरी हवा, कारण पुढे घरोघरी तोच जाणार आहे. बसायला सगळ्यांना सतरंजीच टाका. पुढाऱ्यांना खुर्च्या आणि बायका मागे भिंतीला टेकून, अशी बैठक मांडली की कोण बोलणार ते तिथंच ठरून जातं. पहिला प्रश्न मुद्दाम एखाद्या आईला विचारा, तोही तिला हमखास उत्तर देता येईल असा. ‘पोरगं सकाळी काय खाऊन येतं?’ एवढा पुरतो.

इतिवृत्त सभेतच लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सह्या घ्या. सह्या आधी आणि मजकूर नंतर, ही पद्धत पहिल्याच महिन्यात मोडा.

२. हजेरीपट वाचायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून इथं जरा थांबतो.

मागच्या तीन महिन्यांचा हजेरीपट घ्या. आपली नेहमीची सवय म्हणजे मुलागणिक टक्केवारी काढायची: अमुकची ६२, तमुकची ८१. त्यातून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी गैरहजेरीच्या खुणा वारांनुसार, महिन्यांनुसार आणि भावंडांनुसार बघा. तीन-चार नक्षी तुमच्या गावातही सापडतील. कुणी दर आठवड्याला एकाच वारी नसतं. दोन-तीन भावंडं एकदमच गायब होतात. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या वर्गांची हजेरी घसरते. आणि काही मुलं सकाळी असतात, पण जेवणाच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत; ही हजेरीपटावर दिसतच नाहीत, त्यांना दुपारी वर्गात जाऊन मोजावं लागतं.

समजा, पाचवीतली एक मुलगी दर मंगळवारी गैरहजर आहे आणि मंगळवार हा शेजारच्या मोठ्या गावचा बाजार. आई पहाटे भाजीची पाटी घेऊन जाते, घरी दीड वर्षाचा भाऊ असतो. तीन वर्षांच्या आतलं लेकरू अंगणवाडीत दिवसभर ठेवता येत नाही, म्हणून मुलगी घरी राहते. शिक्षक वर्षभर ‘नियमित पाठवा’ असं सांगत राहतात, आई वर्षभर मान डोलावत राहते. सुटका कशात आहे? मंगळवारी त्या लेकराला सांभाळायला शेजारची एखादी आजी किंवा बचत गटातली बाई ठरवण्यात. खर्च जवळजवळ शून्य. ‘लेकीची गैरहजेरी’ या मथळ्याखाली हा उपाय कुणाला सुचला नसता. ‘मंगळवार’ दिसला म्हणून सुचला.

एक अडचण आधीच बोलून टाकू. काही शाळांत हजेरीपटावर सगळे हजर असतात आणि सतरंजी मात्र अर्धी रिकामी. पट घसरला तर शिक्षकाचं पद जाईल, पोषण आहाराचा हिशोब जुळणार नाही, वरून विचारणा होईल, ही भीती त्यामागे असते. समितीने मुख्याध्यापकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं की खरी हजेरी आम्हाला मुलं परत आणण्यासाठी हवी आहे, कुणाला अडकवण्यासाठी नव्हे. आणि तो शब्द पाळावा.

मग एक दोनशेपानी वही करा. रकाने पाचच: मुलाचं नाव, किती दिवस नाही, घरच्यांनी सांगितलेलं कारण त्यांच्याच शब्दांत, गावातलं कोण हे सोडवू शकतं, पुन्हा कधी बघायचं. ही वही शाळेच्या कपाटात कुलपात राहते. त्यातली नावं ग्रामसभेत वाचायची नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाहीत. बापाचं दारूचं व्यसन किंवा आईचं माहेरी जाणं गावासमोर आलं, की ते पोर कायमचं गेलं समजा.

३. घरी जाताना

शिक्षकांनी एकट्याने जाऊ नये. सोबत त्या वस्तीचा समिती सदस्य आणि एक बाई हवी. वेळ दिवेलागणीनंतरची. कायद्याचा धाक दाखवू नका, कारण पालकांना दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही आणि हे त्यांनाही ठाऊक असतं.

कायदा वेगळ्या ठिकाणी कामाला येतो. ‘दाखला नाही म्हणून मागच्या शाळेनं घेतलं नाही’ असं कुणी सांगितलं, तर कलम ५ दाखवा: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही, तर कलम १४: त्या कारणानेही नाकारता येत नाही. दोन वर्षं शाळा सुटली आहे, तर कलम ४: वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

४. प्रत्येक कारणाला गावातला एक माणूस

वही दोन महिने भरली की कारणांचे ढीग पडायला लागतात: आजारपण, लहान भावंडं, लांबचं अंतर, घरचा कर्ता गेलेला, कामाला जाणं, ‘काही कळतच नाही म्हणून कंटाळा’. आता ढिगागणिक माणूस शोधायचा.

आजारपणासाठी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या फिरत्या पथकाने शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायचं असतं. पथकाची तारीख आरोग्य केंद्रातून आधी विचारून घ्या आणि ते येण्यापूर्वी शिक्षकांकडून यादी करा: फळ्याजवळ येऊन वाचणारी मुलं, हाक मारल्यावर न वळणारी, कान वाहणारी, सारखी पेंगणारी. नाहीतर शंभर पोरं दोन तासांत उरकली जातात आणि चष्म्याची गरज असलेलं नेमकं त्या दिवशी गैरहजर असतं.

पण खरी गळती त्यानंतर होते. पथक संदर्भ चिठ्ठी देतं, चिठ्ठी दप्तरात राहते. उपजिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे आईची किंवा बापाची दिवसाची मजुरी बुडणार, वर गाडीभाडं. इथं गावाची गरज असते. चिठ्ठ्या निघालेल्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी न्यायचं, गावातल्या एखाद्या जीपवाल्याला डिझेलचे पैसे द्यायचे, सोबत आशाताई आणि दोन पालक. दहा हजारांच्या फ्लेक्स-मंडपापेक्षा या एका फेरीने जास्त मुलं वर्गात बसतात, असं माझं मत आहे.

जंतनाशक गोळ्या १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय दिवसांना मिळतात. लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा: पाच ते नऊ वयाला गुलाबी, दहा ते एकोणीसला निळी. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग पालक ओरडतात आणि गोळ्या कपाटात जातात. म्हणून ती दुपारच्या जेवणानंतरच द्या.

त्या जेवणाकडेही समितीचं लक्ष हवं. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ७०० उष्मांक, हा ठरलेला हिशोब आहे. वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं. समितीच्या सदस्यांनी आळीपाळीने ही चव घ्यावी. आधी कळवून आलेल्या दिवशी खिचडी नेहमीच चांगली असते, म्हणून न कळवता जा. वाढदिवसाला, श्राद्धाला गावात पंगती उठतातच; त्यातली एखादी तिथीभोजन म्हणून शाळेत आणता येते. फक्त आदल्या रात्रीचं उरलेलं शाळेकडे वळवायला ठाम नकार द्या.

लांबच्या वस्तीवरच्या मुलींसाठी एसटी. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, आणि मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बसगाड्याही आहेत. अडतं ते वेळापत्रकाशी: शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेचारला निघून जाते. आगार व्यवस्थापकांना नुसतं ‘बस सोडावी’ असं पत्र देऊ नका. कोणत्या थांब्यावरून किती मुली, शाळेची वेळ काय आणि गाडी किती मिनिटांनी पुढे न्यावी, एवढं लिहून सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.

आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळतात. शेतकरी आत्महत्या झालेल्या कित्येक घरांपर्यंत ही माहिती पोचलेली नसते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. कागद जमवायला त्या बाईसोबत तालुक्याला दोन-तीन चकरा मारेल असा कुणीतरी हवा. मंडळातल्या कॉलेजच्या पोरांना द्यायचं काम हेच.

५. ग्रामसभेत शाळेचा विषय चहापाण्याआधी घ्या

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. शाळेचा विषय शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून येतो आणि तोवर माणसं उठलेली असतात. ग्रामसेवकांना (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) आठ दिवस आधी लेखी देऊन तो विषयपत्रिकेत वर घ्या. त्याआधी महिला ग्रामसभा होते. शौचालय, पाणी, मुलींची बस हे मुद्दे तिथं मांडले तर जोर येतो.

पैशाची वाट कळली पाहिजे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची हालचाल २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. जानेवारीत जाऊन ‘आमचं शौचालय घ्या’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी बघू. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. शाळेची टाकी, नळ आणि शौचालय त्या चौकटीत बसणारी कामं. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा दरवर्षी कशावर गेला, एवढा एक प्रश्न ग्रामसभेत शांतपणे विचारा. भांडू नका, नुसतं विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

ठराव कसा नसावा? ‘शाळेला सर्वतोपरी सहकार्य करावे असे सर्वानुमते ठरले.’ असले ठराव प्रत्येक गावच्या दप्तरात पडून आहेत. कसा असावा, तो नमुना घ्या:

‘शाळेतील मुलींच्या शौचालयास पाण्याची जोडणी नसल्याने सहावी ते आठवीच्या मुली दुपारनंतर घरी जातात, असे शाळा व्यवस्थापन समितीने निदर्शनास आणले. सबब, सार्वजनिक टाकीपासून शाळेपर्यंत नळजोडणी ३० नोव्हेंबरपर्यंत पूर्ण करण्यात यावी. कामाची जबाबदारी प्रभाग दोनच्या सदस्यांवर राहील. खर्च बंधित निधीतून करावा. काम झाल्याचा अहवाल पुढील ग्रामसभेत वाचावा.’

खाली सूचक आणि अनुमोदक. यात कारण आहे, तारीख आहे, माणूस आहे, पैशाचं खातं आहे आणि विचारणा कधी होणार तेही आहे. यातलं एक जरी गळलं तरी ठराव लोंबकळतो.

६. ऊसतोडीची गावं: ऑगस्टमध्ये हलायचं

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांतून दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव उठतं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातं. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळपास सगळं गेलं.

बरीच गावं ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्यावर जागी होतात. खरं तर कोण जाणार हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कळलेलं असतं, कारण मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) तोवर घेतलेली असते. उचल घेतलेलं घर जाणारच. तेव्हा सर्वेक्षण त्याच सुमारास करा आणि प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारा: कोणत्या कारखान्यावर, मुलं सोबत नेणार की ठेवणार, ठेवणार तर कुणाजवळ.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते शाळा व्यवस्थापन समितीनेच चालवायचं असतं: मुलं आजी-आजोबांकडे राहतात, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था समिती करते. प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातो. सर्वेक्षण उशिरा झालं की प्रस्ताव उशिरा, प्रस्ताव उशिरा की मंजुरी डिसेंबरात, आणि तोवर पोरं आईबापांच्या मागे ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

मंजुरी वेळेत आली तरी पैसा मागाहून येतो, हे धरून चाला. किराणा दुकानदाराशी उधारीचं आधीच बोलून ठेवा. सरपंच किंवा दूध संस्थेचे चेअरमन मध्ये उभे राहिले तर दुकानदार दोन महिने थांबतो. धान्य मात्र गावातून निघू शकतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा खेड्यांतून मूठ-मूठ धान्य मागून वसतिगृहं चालवण्याची रीत पडली. सुगीच्या वेळी घरटी एक पायली ज्वारी किंवा बाजरी मागितली, तर आजही कुणी नाही म्हणत नाही. रोख पाचशे मागितले की मात्र शेतीचं रडगाणं सुरू होतं.

एका आजीच्या अंगावर पाच-पाच नातवंडं पडतात, हेही लक्षात घ्या. तिला गुडघे धरून चुलीपुढं बसवत नाही. शेजारच्या बाईला थोडं मानधन देऊन संध्याकाळी सगळ्यांना एकत्र जेवू घालणं तिच्यासाठी मोठा आधार असतो. मुलं रात्री कुठं झोपतात, विशेषतः मुली, हे समितीतल्या महिलांनी दर आठवड्याला स्वतः जाऊन बघावं.

जी मुलं जाणारच, त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्या. कार्डावर मुलाचा वर्ग, त्याला काय येतं आणि आपल्या शिक्षकांचा फोन असू द्या. पण नुसतं कार्ड देऊन भागत नाही, ते तळावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, पाचटात हरवतं. मुकादमाचा नंबर घ्या, फड (तोडीचं शेत) कोणत्या गावच्या शिवारात आहे ते विचारा आणि तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन लावा. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणं ही कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कर्नाटकात गेलेल्यांचं अवघड असतं: बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मराठी शाळा सापडते, पुढे गेलं की सगळं कन्नड. अशा मुलांना शक्यतो मागेच ठेवायचा प्रयत्न करा. एप्रिलमध्ये मुलं परत आली की ‘नाव कमी केलंय’ हे वाक्य त्यांना ऐकावं लागू नये.

आता मुलींचं. कारखाना मजूर मोजतो तो कोयत्याने, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल वाढते. म्हणून हंगामाच्या तोंडावर सातवी-आठवीतल्या मुलींची लग्नं उरकली जातात. याची कुणकुण सगळ्यात आधी मैत्रिणींना आणि त्यांच्याकडून शिक्षिकेला लागते. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहून साथ देणारे सगळे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कचाट्यात येतात. जून-जुलैमध्येच मंडपवाले, आचारी आणि गावच्या भटजींना बोलावून हे एकदा नीट सांगा. मुलीच्या वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही, एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या. तरीही वेळ आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हा फोन शिक्षिकेने केला असं गावात कधीही कळता कामा नये. तिला त्याच गावात रोज यायचं असतं.

७. कंटाळून गेलेली मुलं

‘काही कळत नाही म्हणून येत नाही’ हा ढीग बाकी सगळ्यांपेक्षा लपलेला असतो, कारण कुणी तसं बोलत नाही. पोट दुखतं म्हणतात. प्रथम संस्था २००५ पासून ‘असर’ पाहणी करते, त्यातली वाचनाची शिडी कुणालाही वापरता येते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. तिसरीपुढच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून ही शिडी चढायला लावा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. मग रोज एक तास वर्ग मोडून पातळीप्रमाणे गट करा.

चावडीवर मुलांना उभं करून वाचायला लावण्याचा उपक्रम बऱ्याच ठिकाणी होतो. वाचता येणाऱ्यासाठी तो छान आहे. ज्याला येत नाही, त्याची अख्ख्या गावासमोर शोभा होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट दुखायला लागतं. आधी शिकवा, मग चावडी.

घरातला आधार हवा तर माता गट करा: एका गल्लीतल्या पाच-सहा आया, त्यातली एक वाचता येणारी, आठवड्याला एक छोटी कृती. आई निरक्षर असली तरी ‘आज काय वाचलंस, मला सांग’ असं ती विचारू शकते.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथं २०२२ मध्ये ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील. याच्या बातम्या देशभर झाल्या आणि बऱ्याच गावांनी भोंगा तेवढा उचलला. भोंग्याआधी तिथं शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघरी फिरल्या होत्या, ते मात्र उचललं नाही. तुमच्याकडे घर छोटं आणि वीज बेभरवशाची असेल, तर समाजमंदिरात दिवा लावून दीड तास मुलांना बसवा, देखरेखीला बारावीची किंवा डी.एड.ची दोन मुलं. मालिका बघायची तर बापांनी बघावी, पण आवाज कमी.

८. पैसा सगळ्यात शेवटी

समग्र शिक्षा अभियानात पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे: तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. आधी ते आलं का आणि कुठं गेलं, हे समितीने खर्चाच्या वहीत बघावं. बाहेर हात पसरण्याआधी घरचा हिशोब फळ्यावर लिहावा, भले वीजबिलातच निम्मं गेलेलं असो.

बाहेरगावी असलेल्या गावकऱ्यांना एक सांगणं आहे. संगणक पाठवण्याआधी वीज आहे का विचारा. दप्तरं वाटण्याआधी समितीला विचारा. एकाच शाळेत तीन दात्यांची दप्तरं आणि चष्म्याला पैसे नाहीत, असं सर्रास दिसतं. जीपचं डिझेल, हंगामी वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचं मानधन, संध्याकाळच्या अभ्यासिकेतल्या मुलांची फी, असले खर्च फोटोत येत नाहीत, पण खोळंबा तिथंच होतो. पैसे समितीच्या बँक खात्यातच द्या आणि पावती घ्या.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. जवळ साखर कारखाना, सूतगिरणी किंवा औद्योगिक वसाहत असेल तर जरूर विचारा. पण त्यांच्याकडे जाताना वहीतली आकडेवारी (नावं झाकून) न्या: इतकी मुलं या कारणाने इतके दिवस गैरहजर, त्याला इतका खर्च. बहुतेक शाळा ‘डिजिटल वर्ग हवा’ म्हणत येतात. तुमचा कागद त्यांत वेगळा दिसेल.

९. बदलीची तयारी

चांगलं चाललेलं काम मुख्याध्यापकांची बदली झाली की महिन्याभरात बसतं. म्हणून वही कधीही एकट्या मुख्याध्यापकांच्या अक्षरात असू नये. निम्म्या नोंदी समितीच्या सदस्यांनी लिहाव्यात. आरोग्य केंद्र, आगार, गटशिक्षणाधिकारी कार्यालय आणि कारखान्याजवळच्या शाळा यांचे फोन वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

समितीची मुदत संपताना जुन्या आणि नव्या सदस्यांची एक एकत्र बैठक घ्या. सत्कार-नारळ असू द्या, पण आधी वहीतली उघडी राहिलेली नावं एकेक करून वाचा आणि प्रत्येक नावापुढे नव्या सदस्याचं नाव टाका. नवे मुख्याध्यापक रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांना वस्तीवर चालत घेऊन जा, शक्यतो जूनमध्ये, शाळा उघडतानाच. ऑगस्टचं सर्वेक्षण त्यांनाच करायचं आहे.